गोव्यात सूक्ष्मजीवशास्त्र आणि इम्युनॉलॉजीतलं संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीएस्सीची मुलं, त्यांचे आईवडील आणि नमुने घ्यायला गेलं की बांधावर भेटणारे गावकरी, या सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलंय. फी, जागा आणि तारखा दरवर्षी बदलतात, त्यासाठी विद्यापीठाची जाहिरातच पाहावी.

सूक्ष्मजीवशास्त्र आणि इम्युनॉलॉजी एकच की वेगळं?

वेगळं, पण एकमेकांना लागून. सूक्ष्मजीवशास्त्र जंतूच्या बाजूने विचार करतं: जीवाणू, विषाणू, बुरशी, आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) कुठे राहतात, काय खातात, कशाने मरतात. इम्युनॉलॉजी शरीराच्या बाजूने विचार करते: जंतू आत शिरला की कुठल्या पेशी आधी धावतात, प्रतिपिंडं (जंतूला पकडणारी रक्तातली प्रथिनं) कधी तयार होतात, एकदा होऊन गेलेला आजार शरीर कसा लक्षात ठेवतं. बीएस्सी मायक्रोला इम्युनॉलॉजीचा पेपर असतो, त्यामुळे मुलांना दोन्ही एकच वाटतं. एमएस्सीनंतर वाटा फुटतात.

गोव्यापुरता एक फरक आताच सांगून ठेवतो, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांत तो येईल. सूक्ष्मजीवशास्त्राचा कच्चा माल इथे दारात आहे: मिठागर, खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन), खारफुटी, खाणीची माती, समुद्र. इम्युनॉलॉजीला मात्र बहुतेक वेळा माणसाचं रक्त लागतं, आणि ते घ्यायचं तर इस्पितळाशी जोडून घ्यावं लागतं. विषय निवडताना मुलं पुस्तकातला धडा आवडला का ते बघतात. माझं म्हणणं, नमुना कुठून येणार ते आधी बघा. पाच वर्षं तुम्ही त्या नमुन्याबरोबर काढणार आहात.

गोव्यात असं काम नेमकं कुठे चालतं?

गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झालं. त्याआधी मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र पणजीत होतं. विद्यापीठाच्या ताळगाव पठारावरच्या जीवशास्त्राच्या विभागांमध्ये सागरी आणि पर्यावरणीय सूक्ष्मजीवशास्त्राचं काम सर्वांत जास्त आहे. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे सगळे जिला एनआयओ म्हणतात ती आहे; संस्था १९६६ साली स्थापन झाली. तिथे काम करणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांची पीएचडी गोवा विद्यापीठाचीच असते. झुआरीनगरला बिट्स पिलानीचा कॅम्पस २००४ साली आला, तिथेही जीवशास्त्राचा विभाग आहे. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज रोगजंतूंच्या आणि प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाचं ठिकाण, आणि मलेरियावर राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेचं एक केंद्र गोव्यात आहे.

यातली बहुतेक ठिकाणं स्कूटरवरून अर्ध्या तासाच्या आत आहेत. एखादं उपकरण आपल्याकडे नसलं तर शेजारच्या संस्थेत वेळ मागून घेता येतो. मोठ्या शहरात यासाठी अख्खा दिवस जातो. गोव्यात संशोधन करण्याचा हा फायदा कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

ही सगळी विद्या गोव्यात नवीन ना?

अजिबात नाही. बांबोळीच्या मेडिकल कॉलेजचं मूळ १८४२ साली पणजीत निघालेल्या ‘एस्कोला मेडिको’त आहे, आणि आशियातल्या जुन्या वैद्यकीय शाळांत ती मोजली जाते. बाणावलीला १८८७ साली जन्मलेले डॉ. फ्रॉयलानो द मेलो हे त्याच शाळेचे संचालक होते. परोपजीवी सूक्ष्मजीवांवर, विशेषतः प्रोटोझोआवर, त्यांनी आयुष्यभर काम केलं. शिवाय ते पणजीचे महापौर होते आणि पोर्तुगालच्या संसदेतही गेले. मराठी वाचकांना हाफकिन माहीत असतात, कारण मुंबईत प्लेगची लस १८९७ साली त्यांनी केली आणि परळला त्यांच्या नावाची संस्था आहे. द मेलो मात्र पोर्तुगीज आणि फ्रेंचमध्ये लिहीत, म्हणून आपल्या वाचनातून निसटले.

मिठागरातल्या जीवाणूंवर एवढं काम का? मिठात काय जगणार?

आम्ही नमुने घ्यायला गेलो की मिठागरावरचे लोक हाच प्रश्न विचारतात, आणि हसतात. प्रश्न रास्त आहे. मीठ घालून आपण मासे आणि लोणचं टिकवतो ते जंतू मरावेत म्हणूनच.

समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ असतं. भरतीचं पाणी मानशीतून (बांधातल्या दारातून) आत घेतात, एका आगरातून (वाफ्यातून) दुसऱ्यात सोडतात आणि उन्हात आटवत नेतात. मीठ धरायच्या वेळेला ते पाणी पंचवीस-तीस टक्क्यांवर गेलेलं असतं. एप्रिलमध्ये आगरवाड्याला किंवा रायबंदरच्या बाजूला अशा एखाद्या वाफ्याकडे नीट बघितलं तर पाण्याला गुलाबी झाक दिसते. ती झाक आर्किया गटातल्या सूक्ष्मजीवांची. त्यांच्या पेशीत बॅक्टेरिओरुबेरिन नावाचं लाल रंगद्रव्य असतं, जे कडक उन्हापासून त्यांना वाचवतं. पुरुमेंताला (पावसाळ्याच्या बेगमीला) घेतलेल्या खाऱ्या माशांवर कधीकधी जे लालसर डाग येतात तेही बहुतेकदा याच मंडळींचे.

हे जीव मीठ नुसतं सोसत नाहीत, त्यांना ते लागतंच. बाहेरच्या मिठाशी बरोबरी राखायला ते पेशीच्या आत पोटॅशियम क्लोराइड भरून ठेवतात आणि त्यांची प्रथिनं त्याच खारटपणात काम करतात. साध्या पाण्यात टाकलं की पेशी फुटते. पहिल्या वर्षाला शिकवलेली ग्रॅम स्टेनिंगची, म्हणजे जीवाणू रंगवून ओळखण्याची, पद्धत इथे चालत नाही ती यामुळेच: स्लाइड नळाखाली धरली की बघायला काही उरत नाही. म्हणून नमुना काचेवर पसरल्यावर तो आधी दोन टक्के ॲसेटिक ॲसिडने पक्का करतात, मीठ निघून जातं, पेशी जागच्या जागी राहतात आणि मग रंग देतात. नव्या विद्यार्थ्याला हे सांगायचं राहिलं तर तो दोन दिवस कोरी स्लाइड बघत बसतो.

उपयोग काय, हा पुढचा प्रश्न. खारट, कोरड्या किंवा सॉल्व्हंट असलेल्या ठिकाणी चालणारी एन्झाइम उद्योगांना हवी असतात. काही आर्किया पेशीत प्लास्टिकसारखे, पण मातीत विरघळणारे पॉलिमर साठवतात. रंगद्रव्यांवरही काम चालू आहे. तरीही खरं सांगायचं तर मिठागराचं पहिलं आकर्षण उपयोग हे नाही. एवढ्या वेगळ्या रसायनात जीवन कसं चालतं हेच आधी ओढून नेतं. प्रकल्पाच्या अर्जात मात्र उपयोग वर लिहावा लागतो.

अडचण वेगळीच आहे. गोव्यातली मिठागरं भराभर बंद पडत चालली आहेत. बांध फुटतो, दुरुस्त होत नाही, गोडं पाणी शिरतं आणि त्या जागेतले हे रहिवासी संपतात. आमच्या फ्रीझरमध्ये ज्या आगरांचे नमुने आहेत त्यांतल्या काहींवर आज फक्त गवत आहे.

मिठागर सोडून आणखी काय?

खारफुटीच्या चिखलातले जीवाणू आणि बुरशी हा जुना, अजून न आटलेला विषय. त्या चिखलात पानं कुजवण्याचं काम कोण करतं यावर गोव्यात कित्येक वर्षं काम झालंय. मांडवी आणि जुवारीत लोहखनिजाच्या बार्जी वर्षानुवर्षं फिरल्या, त्यामुळे मँगनीज, शिसं, लोह सोसणारे जीवाणू शोधण्याचा एक मोठा प्रवाह आहे. मुरगाव बंदराच्या पाण्यातून ट्रायब्युटिल टिन खाणारे जीवाणूही वेगळे केले गेलेत. जहाजाच्या तळाला शंखशिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात हे रसायन घालत, पण ते इतकं विषारी की २००८ पासून जगभर त्यावर बंदी आहे.

अरबी समुद्राचं तर विचारूच नका. साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीत तिथे प्राणवायू जवळजवळ नसतो आणि तिथले जीवाणू श्वासासाठी नायट्रेट वापरतात. त्यातून नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. पाऊस सरत आला की हे कमी प्राणवायूचं पाणी किनाऱ्याजवळ वर सरकतं, मासेमारीवर त्याचा परिणाम होतो. एनआयओचं नाव जगात ज्या कामामुळे आहे त्यात हे वरचं.

फेणीवर पीएचडी करता येते का, की ही थट्टा आहे?

करता येते, आणि विषय चांगला आहे. काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बोंडूचा (काजूच्या फळाचा) रस बाहेरून यीस्ट न घालता आंबवतात. जे यीस्ट काम करतं ते फळावरून, भांड्यातून, भाटीच्या (फेणी गाळण्याच्या भट्टीच्या) परिसरातून येतं. कोणत्या टप्प्याला कोणतं यीस्ट पुढे असतं, वास कशामुळे येतो, एकच निवडक यीस्ट घातलं तर चव तीच राहते का, हे सगळे संशोधनाचे प्रश्न. सत्तरी तालुक्यातल्या भाटीवाल्यांना मात्र तुमच्या शुद्ध यीस्टचं कौतुक नसतं, आणि माझं मत त्यांच्या बाजूने झुकतं. घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

माकडतापाचं काय? विद्यापीठात त्यावर संशोधन होतं का?

सत्तरीतल्या वाचकांसाठी हा पुस्तकी प्रश्न नाही. हा विषाणू १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडला म्हणून त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात. २०१५ पासून तो सत्तरीत दिसू लागला, आणि पुढच्याच वर्षी सीमेपलीकडे दोडामार्गात. पसरतो तो गोचिडांमुळे. जंगलात माकडं मरून पडायला लागली की समजायचं, गोचिडांत विषाणू आहे. माणसाला चावते ती बहुतेकदा अर्धवट वाढलेली, तिळाएवढी गोचीड, जी पायावर बसली तरी लक्षात येत नाही. तिचा हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन मेपर्यंत चालतो, म्हणजे नेमका काजूचा आणि लाकूडफाट्याचा. पाचोळ्यात बसून बोंडू वेचणाऱ्या बायकांना धोका जास्त तो यामुळे. माणसाकडून माणसाला हा ताप जात नाही, हे मात्र गावात पुनःपुन्हा सांगावं लागतं, नाहीतर घरातल्या आजाऱ्याला वाळीत टाकतात.

आता संशोधनाचं. हा विषाणू जिवंत हाताळायला अत्युच्च सुरक्षेची प्रयोगशाळा लागते. तशी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत आहे, गोव्यातल्या विद्यापीठाच्या लॅबमध्ये नाही. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी ‘माकडतापाचा विषाणू वाढवायचाय’ असं कोणी म्हटलं तर उत्तर ‘नाही’ हेच आहे आणि असायला हवं. पण करण्यासारखं पुष्कळ आहे: कोणत्या पायवाटेवर गोचीड किती, कोणत्या जातीची, पाचोळा काढला तर फरक पडतो का, गुरं चरायला गेली की गोचीड कुठवर येते.

इम्युनॉलॉजीच्या अंगानेही हा ताप शिकण्यासारखा आहे. पहिल्या काही दिवसांत विषाणू रक्तात असतो, तेव्हा पीसीआरने (विषाणूचं जनुकद्रव्य शोधणाऱ्या चाचणीने) सापडतो. पुढे तो कमी होतो आणि आयजीएम, म्हणजे आधी तयार होणारी, प्रतिपिंडं वर येतात, तेव्हा ती मोजणारी एलायझा चाचणी उपयोगी पडते. चुकीच्या दिवशी चुकीची चाचणी केली तर आजारी माणसाचा अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो. तापाचा पहिला दिवस कोणता, हे नीट विचारून लिहिणारी आरोग्यसेविका म्हणूनच मशीनइतकी महत्त्वाची. जुनी लस होती, तिचे वारंवार डोस घ्यावे लागत आणि संरक्षण अपुरं पडायला लागलं, तेव्हा ती थांबवली गेली. नव्या लसीवर देशात काम चालू आहे.

गोव्यात मलेरिया जवळजवळ संपला, मग अजून अभ्यास कशाला?

संपत आला म्हणूनच. पूर्वी गोव्यात दरवर्षी हजारो रुग्ण सापडत. इथला मुख्य डास ॲनोफिलिस स्टीफन्साय, बांधकामावरच्या टाक्या, विहिरी, स्लॅबवर साचवलेलं पाणी हे त्याचं घर. बांधकामावरच्या मजुरांची रक्ततपासणी आणि आरोग्य कार्ड हा सगळा खटाटोप त्यासाठी. २०१० च्या सुमारास बांबोळीत अमेरिकेतल्या सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाबरोबर मलेरियाचा एक दीर्घ प्रकल्प सुरू झाला. त्याला गोवा का हवा होता? कारण एकाच वॉर्डात शेजारी शेजारी वेगवेगळी माणसं होती: लहानपणापासून मलेरिया भोगलेला ओडिशा किंवा झारखंडचा मजूर आणि आयुष्यात पहिल्यांदाच ताप आलेला ताळगावचा माणूस. परजीवी तोच, शरीराची आठवण वेगळी. कोणाच्या रक्तात कोणत्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं आहेत हे ताडून पाहायला याहून चांगली जागा क्वचितच मिळेल.

प्रयोगशाळेत दिवसभर करता तरी काय?

मीडिया (जंतू वाढवायचं खाद्य) बनवणं, ऑटोक्लेव्हसमोर (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रासमोर) उभं राहणं, प्लेटी ओतणं, काचसामान धुणं, वाट बघणं. शोध लागतो तो या सगळ्याच्या मधल्या फटीत.

एक उदाहरण जरा जवळून. मिठागराच्या नमुन्यासाठी जे आगर-माध्यम (इथे आगर म्हणजे जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ, मिठाचा वाफा नव्हे) करतात त्यात वीस-पंचवीस टक्के मीठ असतं. ते गार व्हायच्या आत ओतलं नाही तर बाटलीतच गोळा होतं. या जीवांना दोन-तीन आठवडे लागतात, आणि तेवढ्या दिवसांत चाळीस अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये प्लेट सुकते आणि तिच्यावर मिठाचे चौकोनी खडे धरतात. वरवर पाहिलं तर खडा आणि वसाहत (सूक्ष्मजीवांचा वाढलेला ठिपका) यांत फरक कळत नाही. म्हणून प्लेटी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, आत ओला कापूस ठेवून, उलट्या ठेवतात. मग एका सकाळी टाचणीच्या डोक्याएवढा केशरी ठिपका दिसतो. तो निक्रोमच्या तारेने उचलायचा, नव्या प्लेटवर रेघा ओढायच्या, पुन्हा तीन आठवडे. शुद्ध वसाहत हाती यायला असे तीन-चार फेरे.

पावसाळा हा आणखी वेगळा शत्रू. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच इतकी बुरशी असते की दार दोनदा जास्त उघडलं तरी प्लेटीवर काळा ॲस्परजिलस उगवतो. आणि लाईट जाते. जनरेटर आहे, पण तो सुरू होईपर्यंत उणे ऐंशीच्या फ्रीझरचं दार कोणी उघडू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावलेली लॅब गोव्यात दुर्मिळ नाही. महत्त्वाचे जीवाणू दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवा, आणि ते दोन्ही एकाच सॉकेटवर नाहीत ना ते बघा.

मुलगी दिवसभर जंतूंमध्ये असणार. तिला काही होणार नाही ना?

आईंचा प्रश्न, आणि विचारायलाच हवा. माती, समुद्र, मिठागरातले बहुतेक सूक्ष्मजीव माणसाला आजारी पाडत नाहीत. मिठागरातले आर्किया तर आपल्या अंगावर जगूच शकत नाहीत. रोगजंतूंची त्यांच्या धोक्यानुसार चार गटांत विभागणी असते आणि गटाप्रमाणे लॅबची रचना, कपडे, हूड ठरतात. जनुकात बदल करून काम करायचं तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते. रक्ताचे नमुने हाताळायचे असतील तर हिपॅटायटिस बीची लस आधी घ्या. लॅबमध्ये चहा नको, मोबाईल ग्लोव्ह घातलेल्या हाताने नको. खरे अपघात होतात ते भाजण्याचे, ॲसिडचे आणि काचेचे. ते जंतूंपेक्षा कितीतरी जास्त.

नवा जीवाणू सापडला, हे ठरवतात कसं?

सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठरत नाही, बहुतेक सगळे दंडगोल नाहीतर गोळेच दिसतात. आधी सोळा एस या, जीवाणू ओळखायला वापरतात त्या, जनुकाचं, म्हणजे सुमारे दीड हजार अक्षरांचं वाचन करतात. माहीत असलेल्या जवळच्या जातीशी साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तर आशा वाढते. मग अख्खा जीनोम, चरबी, पेशीभित्ती, काय खातो काय नाही, हे सगळं. शेवटी तो जीवाणू दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत जिवंत जमा करावा लागतो. आपल्याकडे चंदीगडला आणि पुण्याला असे संग्रह आहेत. परदेशात पाठवताना जैवविविधता कायद्याची कागदपत्रं लागतात आणि इथेच काम महिनोन्‌महिने अडतं. ‘नवीन जीवाणू सापडला’ ही बातमी पेपरात येते तेव्हा शोध तीन-चार वर्षांचा जुना असतो.

आमच्या आगरातला चिखल नेता, त्यात काही मौल्यवान सापडलं तर आम्हाला काय?

एका शिरदोणच्या आजोबांनी हे विचारलं होतं, आणि प्रश्न अगदी बरोबर आहे. जैवविविधता कायदा, २००२ मध्ये स्थानिकांना लाभात वाटा देण्याची तरतूद आहे आणि पंचायत पातळीवर समित्या आहेत. प्रत्यक्षात बहुतेक नमुन्यांतून पैसा निघत नाही, निघतो तो शोधनिबंध. पण संशोधकाने निदान एवढं करावं: खाजनात शिरण्याआधी शेतकरी संघटनेला किंवा मानशीवरच्या माणसाला विचारावं, चोडणच्या पक्षी अभयारण्यासारख्या जागी वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी, आणि काम झाल्यावर परत येऊन काय मिळालं ते सांगावं. शेवटची गोष्ट फार थोडे करतात.

घरच्या विहिरीचं पाणी तपासून द्याल का?

विद्यापीठाची लॅब त्यासाठी नसते. पाणीपुरवठा किंवा आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत द्या. बाटली निर्जंतुक हवी, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीतून आणलेल्या पाण्याचा अहवाल पाण्यापेक्षा बाटलीबद्दल जास्त सांगतो.

पीएचडीला प्रवेश कसा? पगार मिळतो का?

‘नेट’, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, द्या. जीवशास्त्राची सीएसआयआर-नेट वर्षातून दोनदा होते, दोनशे गुणांची. २०२४ पासून नेटचा निकाल पीएचडी प्रवेशासाठीही धरतात. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाल्यावर ४२,०००, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडी किमान तीन वर्षं, कमाल सहा. महिलांना आणि दिव्यांगांना दोन वर्षांची जादा सवलत आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात तीन वर्षांत संपणारा मला तरी माहीत नाही. पाच धरून चला.

फेलोशिपचे पैसे वेळेवर येतीलच असं नाही. तीन-चार महिने थकतात आणि मग एकदम येतात. घरचा आधार नसलेल्या मुलांना हे आधीच सांगायला हवं, आणि कोणी सांगत नाही.

इम्युनॉलॉजीच करायची आहे. गोव्यात राहू की बाहेर जाऊ?

प्राण्यांवरचं किंवा खोल पेशीशास्त्रातलं इम्युनॉलॉजी करायचं असेल तर पुणे, दिल्ली, बंगळूर बघा. उंदीरघर सांभाळणं, त्याची नोंदणी, प्राण्यांवरच्या प्रयोगांची नैतिकता समिती हे सगळं उभं असलेल्या जागी गेलेलं बरं. माणसाच्या आजारांवर, प्रतिपिंडांवर काम करायचं असेल तर गोव्यात जमतं, पण मार्गदर्शक विद्यापीठात आणि एक डॉक्टर बांबोळीत, अशी जोडी आधी जमवा. टी-पेशींचं (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं) काम असेल तर रक्त काढल्यापासून काही तासांत त्या वेगळ्या करून द्रव नायट्रोजनमध्ये जायला हव्यात. सकाळी अकराला काढलेलं रक्त बांबोळीहून कोण आणणार, संध्याकाळी पाचनंतर सेंट्रिफ्यूजपाशी कोण थांबणार, हे ठरलेलं नसेल तर प्रकल्प कागदावर कितीही सुंदर असो, चालणार नाही.

एमएस्सीनंतर गोव्यातच नोकरी?

वेर्णा आणि आसपासच्या औषध कारखान्यांत मायक्रोबायोलॉजीच्या मुलांना सतत मागणी असते. पाण्याची तपासणी, निर्जंतुकतेची चाचणी, हवेतल्या जंतूंच्या प्लेटी, एंडोटॉक्सिनची (जीवाणूंच्या आवरणातल्या विषारी पदार्थाची) चाचणी. शिफ्ट ड्युटी, कडक नोंदी, थोडं एकसुरी काम. ज्यांना घरून लवकर कमवायचा दबाव आहे त्यांनी ते जरूर घ्यावं, त्यात कमीपणा नाही. दोन वर्षं तिथे काढून पीएचडीला आलेल्या मुलांची नोंदवही बाकीच्यांपेक्षा नेहमी चांगली असते.

प्राथमिक शाळा मराठीतून झाली. इंग्रजीत निभावेल का?

निभावतं. शोधनिबंधाचं इंग्रजी ठरावीक साच्याचं असतं, सहा महिने रोज वाचलं की हात बसतो. मुलाखतीत अडलात तर सावकाश बोला.

मार्गदर्शकाला पहिला मेल कसा लिहू?

‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग’ने सुरू होणारे मेल आठवड्याला ढिगाने येतात आणि वाचले जात नाहीत. त्यांचा एखादा निबंध खरंच वाचा आणि त्यातली एक गोष्ट विचारा. नेट झाली आहे की नाही, फेलोशिप कुठली, कधीपासून येऊ शकता, हे तीन ओळींत लिहा. गुणपत्रिका एकाच पीडीएफमध्ये जोडा. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, आणि तरीही नाही तर सरळ डिपार्टमेंटला जा. आधी तिथल्या पीएचडीच्या मुलांशी कँटीनमध्ये बोला: गाईड रोज लॅबमध्ये येतात का, केमिकल वेळेवर येतात का, मागच्या विद्यार्थ्याला किती वर्षं लागली. खरी उत्तरं त्यांच्याकडेच मिळतील.